खात्रीचा ख

परवा ऑफिसात नव्याने लागलेली एक मुलगी पत्राचा मसुदा घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मी विचारलं, "तारीख बघितलीस ना नीट?" ती म्हणाली, "हो मॅडम, बरोबर आहे." आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "ख का अं?"

ती बघतच राहिली. तिला काय समजणार? मी हसून विषय बदलला. पण दिवसभर डोळ्यांसमोरून आमच्या शाळेची पत्र्याची खोली हलेना, आणि तिथल्या शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेले इंगळे सरही हलेनात.

सर उंच होते, आणि उंच माणसं दारातून जाताना वाकतात तसे उघड्या मैदानातही थोडे वाकूनच चालत. शर्टाच्या खिशाला दोन पेनं असायची, एक निळं, एक लाल. लाल पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालेलं. आमची शाळा शेलूबाजारपासून चार किलोमीटरवर, आणि सर रोज शेलूबाजारहून सायकलने येत. त्यांनी मोटरसायकल घेतली होती, पण ती त्यांचा मुलगाच वापरायचा.

ते मूळचे इतिहासाचे शिक्षक. इंग्रजीच्या शिक्षकांची बदली झाली, जागा भरली गेली नाही, तेव्हा हेडमास्तरांनी त्यांना "तात्पुरतं सांभाळा" म्हणून सांगितलं. ते तात्पुरतं त्यांच्या निवृत्तीपर्यंत चाललं. पहिल्याच दिवशी प्रत्येक वर्गाला ते एकच वाक्य सांगत. "पोट्टेहो, मले इंग्रजी तुमच्यापेक्षा एकच धडा जास्त येते. अन् तो बी आज सकाळीच वाचला."

आम्हाला वाटायचं, सर गंमत करतात. ते खरंच सांगत होते, हे कळायला मला दहावी गाठावी लागली.

सरांचा सगळा जीव काळांवर. क्रियापदाचे काळ आले की इंग्रजी आलं, असं त्यांचं म्हणणं. त्यातही पूर्ण वर्तमानकाळावर त्यांचं विशेष प्रेम आणि विशेष संशय. "हा काळ फसवा हाय," ते फळ्याकडे खडू रोखून म्हणत. "यात गोष्ट होऊन तर गेली, पण गेली नाही." शनिवारी सकाळची शाळा असे. शेवटच्या तासाला दहा वाक्यांची चाचणी. मराठी वाक्य फळ्यावर, आपण त्याचं इंग्रजी करायचं. यात नवं काही नाही. नवं होतं ते पुढचं.

प्रत्येक उत्तरापुढे एक अक्षर लिहायचं. उत्तराची खात्री असेल तर ख, अंदाजाने ठोकलं असेल तर अं. मग सर उत्तरं फळ्यावर लिहीत आणि ज्याचा त्याने आपला पेपर लाल पेनाने तपासायचा. ख लावून बरोबर आलं, दोन मार्क. अं लावून बरोबर, एक. अं लावून चुकलं, शून्य. आणि ख लावून चुकलं, तर एक मार्क वजा.

"बरोबर का चूक, ते मी सांगतो," सर म्हणत. "पण तुले येते का नाही, हे तुलेच ठाऊक पाह्यजे. ते मी कसं सांगू?"

कोणी कोणाची वही पाहिली तरी सर रागावत नसत. शेजाऱ्याचं उत्तर उचलता येतं, त्याची खात्री कशी उचलणार? आमच्या वर्गातला गजानन हा पहिल्या शनिवारी दहाच्या दहा ठिकाणी ख लावून बसला. बरोबर आली दोन. मार्क पडले वजा चार. सर म्हणाले, "गजानन, शून्याच्या खाली घर बांधणारा तू पह्यलाच." दुसऱ्या शनिवारी त्याने सगळीकडे अं लावला, इतका की वहीवर स्वतःच्या नावापुढेही अं.

"काहून रे, नावाचीबी खात्री नाही?"

"नाही सर. घरी गजानन म्हन्तेत, दाखल्यावर गजेंद्र हाय, अन् आधारवर गजान."

सरांनी त्याला त्या अंचा एक मार्क दिला. म्हणाले, वर्गात आज सगळ्यात खरं उत्तर हेच आहे.

ही सवय शाळेपुरती राहिली नव्हती. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात सर मेथीची जुडी हातात घेऊन विचारत, "आजची हाय?" बाई म्हणे, "आत्ताच तोडली जी." "ख का अं?" तिला आधी राग यायचा, मग सवय झाली. पुढे पुढे ती सरांना लांबून येताना पाहूनच ओरडे, "मास्तर, मेथी अं हाय, वांगे ख हायेत!" स्टँडवर कारंजाची गाडी कधी येणार असं विचारलं की चहावाला मान न वळवता सांगे, "अं." गाडीच्या बाबतीत ख लावायची हिंमत त्या रस्त्यावर कोणाची नव्हती.

एकदा खात्याचे एक साहेब तपासणीला आले होते. त्यांनी वर्गातच विचारलं, "काय इंगळे, दहावीचा निकाल शंभर टक्के ना?" हेडमास्तर मागून डोळ्यांनी खुणा करत होते. सर उभे राहून म्हणाले, "सव्वीस पोरांची खात्री हाय साहेब. चौघांचा अंदाज हाय." साहेबांना ते आवडलं नाही. निकाल लागला तेव्हा सव्वीसच्या सव्वीस पास झाले, आणि चौघांतले दोन. सर त्या दोघांच्या घरी पेढे घेऊन गेले आणि उरलेल्या दोघांच्या घरी फेरपरीक्षेचा फॉर्म घेऊन.

आता माझ्या वहीबद्दल सांगायला हवं.

चाचणीची माझी वही कोरी नव्हती. तिचा पुढचा अर्धा भाग माझ्या मोठ्या बहिणीचा, रेखाताईचा होता. ती माझ्यापुढे चार वर्षं, त्याच खोलीत, सरांच्याच हाताखाली शिकली. वहीत पानं उरली होती म्हणून आईने ती मला दिली. रेखाताई वाचनाची फार वेडी. किराणा बांधून आलेला कागदसुद्धा ती सरळ करून वाचायची. इंग्रजीचं पुस्तक तिने तासाला शिकवायच्या आधीच संपवलेलं असे. पण दहावी झाली, पास झाली, आणि पुढे शिकली नाही. त्याला कारण पैशाचं सांगता आलं असतं, पण ते खरं नाही. बाबा तिला शेलूबाजारच्या कॉलेजात टाकायला तयार होते. त्यांनी फक्त एकच विचारलं होतं. जेवताना, साधंच. "टाकतो कालेजात. पण होशील ना पार?"

रेखाताई ताटाकडे बघत म्हणाली होती, "सांगता येत नाही, बाबा."

बाबा स्वतः चौथी शिकलेले. जिला शाळेतलं सगळं समजतं तिलाच सांगता येत नाही, तर मग आपण काय ठरवणार, असं त्यांना वाटलं. तीन वर्षांनी मालेगावजवळच्या एका गावात तिचं लग्न झालं. दाजी मोटारी बांधायचं काम करत, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वायर नव्याने भरायचं. माणूस चांगला. पण ती ताटाकडे बघून "सांगता येत नाही" असं का म्हणाली, ते आमच्या घरात तेव्हा कोणालाच समजलं नाही.

सर स्वतःही दर शनिवारी चाचणी देत. आम्ही आमची वाक्यं लिहीत असताना ते शेवटच्या बाकावर बसून आपली दहा वाक्यं सोडवत. कारंजाच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेलं एक सरावाचं पुस्तक त्यांच्याजवळ होतं. त्याची मागची उत्तरांची पानं त्यांनी स्टेपल करून टाकली होती. दर शनिवारी एका मुलाने पिना काढायच्या, सरांचा पेपर तपासायचा आणि पुन्हा पिना मारायच्या. तपासणाऱ्याला त्या दिवशी राजा झाल्यासारखं वाटे.

दहावीच्या दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ही पाळी गजाननची होती. तो एकदम बाकावर उभाच राहिला. "सर, सहाव्यात गेले तुमी! ख लावून गेले!"

वर्गाने टाळ्या पिटल्या. सरही हसले. "पाहू दे तं." त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं. वाक्य अगदी सोपं होतं, मी त्याला काल पाहिलं. सरांनी ते आपल्या लाडक्या काळात केलं होतं, हॅव लावून. आपल्या मराठीत "काल पाहिलं आहे" म्हटलेलं कानाला खटकत नाही. इंग्रजीत 'काल' हा शब्द आला की तो काळ चालत नाही. एवढीच गोष्ट. पण सर ती कित्येक वर्षं उलटी शिकवत होते, आणि पूर्ण खात्रीने.

"पुस्तक चुकलं असन," गजानन म्हणाला. त्याला सरांची दया आली असावी.

सरांनी आमचं पाठ्यपुस्तक मागून घेतलं आणि एकेक धडा चाळायला लागले. शाळा सुटल्याची घंटा झाली. कोणी उठलं नाही. त्यांनी शेवटचा धडा संपवला, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "पुस्तक नाही चुकलं. कुठीच नाही तसं." मग फळ्यापाशी गेले, आपल्या नावापुढे वजा एक लिहिलं, आणि खडू ठेवता ठेवता थांबले. माझ्याकडे वळले.

"शीला. तुही वही दे."

मी वही दिली. ती माझ्या बाजूने त्यांनी उघडलीच नाही. पुढून उघडली. चारपाच पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवून उभे राहिले.

मी नंतर ते पान इतक्यांदा पाहिलं आहे की मला ते पाठ आहे. सहावं वाक्य तेच. मी त्याला काल पाहिलं. रेखाताईने ते साध्या भूतकाळात केलं होतं आणि पुढे ठसठशीत ख. तिने स्वतः ते चूक धरलं नव्हतं, म्हणून त्यावर सरांनी मारलेली लाल फुली, वजा एक. खाली सरांच्या अक्षरात, "खात्री असूनही चूक. नीट विचार करावा." आता सर सांगायला लागले, वर्गाला की स्वतःला कोणास ठाऊक. त्या दिवशी रेखाने उभं राहून म्हटलं होतं, सर, धड्यात कुठंच असं नाही. आणि त्यांनी तिला म्हटलं होतं, धडे वाचले म्हणजे इंग्रजी आलं, असं समजू नकोस. वर्ग हसला होता.

सर पुढची पानं उलटत गेले. त्या पानापर्यंत रेखाताईच्या वहीत जिकडे तिकडे ख होते. त्यानंतर एकही नाही. उत्तरं बरोबरच होती, पण अं, अं, अं. दहावीच्या शेवटच्या शनिवारपर्यंत अं.

"तुह्या बहिणीचं गाव कोणतं?" त्यांनी विचारलं.

रविवारी सकाळी सर, बाबा आणि मी काळीपिवळी जीपमधून मालेगावकडे निघालो. माझ्या मांडीवर वही. बाबांना काही नीट समजलं नव्हतं. ते दोनदा म्हणाले, "सर, एका मार्कासाठी इतक्या दूर कायले?" सर म्हणाले, "एका नाही, तीन मार्कासाठी. वजा एक अन् मिळाले असते ते दोन."

ताईच्या सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. माहेरचे लोक आणि सोबत मास्तर, हे पाहून त्या घाबरल्याच. "काय केलं जी हिनं?"

"तिनं काही नाही केलं, आई. मी केलं."

रेखाताई ओल्या हातांनीच बाहेर आली. सर खुर्चीवर टेकले होते, ते उभे राहिले. विद्यार्थी आल्यावर शिक्षक उभा राहतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढे नोकरीतही क्वचितच पाहिलं.

"रेखा, हे सहावं वाक्य. तू बरोबर होती. मी चुकलो होतो. ख लावून चुकलो होतो."

ताईने वहीकडे पाहिलं. पदराला हात पुसत राहिली. "जाऊ द्या ना, सर. इतक्या जुन्या गोष्टी. मी तं इसरलीबी."

"ख का अं?"

ताईने त्या लाल फुलीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "अं."

सरांनी लाल पेन काढलं, टोपण दातांत धरलं. फुली खोडली, वजा एक खोडला, अधिक दोन लिहिलं आणि बाजूला सही केली. मग बेरीज सुधारली. सोळाचे एकोणीस झाले. "त्या दिवशी वर्गात पह्यली तू होती," ते म्हणाले. "मी दुसऱ्याचं नाव घेतलं."

मग त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. दहा वाक्यं, पूर्ण वर्तमानकाळ. "मन असन तर सोडव. नसन तर चहा पिऊन जातो."

ताई ओट्यावर बसली. सासूबाई शेंगा सोलायच्या थांबल्या. दाजी दुकानातून आले होते, ते वायरचा गुंडाळा हातात घेऊन दारातच उभे राहिले. चार वर्षं हातात इंग्रजीचं पुस्तक नाही, पण ती एकदाही अडली नाही. कागद परत आला तेव्हा सर तपासू लागले आणि मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. दहाच्या दहा बरोबर. आणि दहाही ठिकाणी अं.

सर म्हणाले, "उत्तरं दहापैकी दहा. मार्क मात्र वीसपैकी दहाच. उरलेले दहा माह्याजवळ हायेत, रेखा. ते मले वापस करू दे."

दाजींनी विचारलं, "म्हंजे काय कराचं, सर?"

"बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म. घरी बसून परीक्षा देता येते."

"तिचं मन असन तं भरू," दाजी म्हणाले. "पण होईन काय ते पार?"

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. बाबांनीही. ती पुन्हा खाली बघू लागली, आणि मला आमच्या घरातलं ते ताट आठवलं. ती काही म्हणायच्या आत सर म्हणाले, "तिले आता नका इचारू. खात्री मी नेली हाय, मीच आणून देतो. मग इचारा."

त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटली की सर हायवेवर येऊन एका पाकिटात दहा वाक्यं घालून मालेगावच्या जीपवाल्याकडे देत. मंगळवारी पाकीट परत येई. सुरुवातीला सगळे अं. सर मार्क घालून ठेवत. नवव्या की दहाव्या आठवड्यात ते वर्गात आले ते कागद हातात उंच धरूनच. चौथ्या वाक्यापुढे एक ख होता. इतका बारीक की आधी तो डाग वाटला. "पाहा," सर म्हणाले, "एक आला!" आणि त्या दिवशी त्यांनी तास घेतलाच नाही. आम्हाला मैदानावर सोडलं. गजाननने विचारलं, "सर, ख लावून चुकली असती तं?" सर म्हणाले, "तरी सोडलं असतं."

रेखाताई दुसऱ्या वर्षी बारावी झाली. मग मुलगी झाली, मग अंगणवाडीत लागली, मग काही वर्षं गेली. मी त्याच सरांच्या दहा वाक्यांवर दहावी, बारावी, बी.ए. करत या ऑफिसात आले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती खरं तर तिची असायला हवी होती, हे मला माहीत आहे आणि तिलाही. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघी सरांना भेटायला शेलूबाजारला गेलो. सर निवृत्त झालेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. फाटकाजवळच्या बाजेवर बसून ते फोनमध्ये डोकं घालून होते. नातवाने त्यांना इंग्रजीच्या चाचण्या कुठे मिळतात ते दाखवून ठेवलंय. तोच काळ, वीस प्रश्न. आम्ही जवळ गेलो तरी मान वर नाही. एक प्रश्न वाचायचा, शेजारी ठेवलेल्या लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला ख किंवा अं लिहायचं, आणि मगच फोनवर बोट ठेवायचं.

"याच्यात एक खोट हाय," ते आम्हाला म्हणाले. दहा वर्षांनी नाही, कालच भेटल्यासारखे. "बरोबर का चूक, लगेच सांगते. पण तुले ठाऊक होतं काय, हे कोणी इचारतच नाही."

ताईने पत्रिका हातात घेतली. सतरा ख होते. तीन अं. फोनवर त्या नंबरचा प्रश्न पाहून त्यातला एक अं तिने ओळखला. 'काल' असलेलं वाक्य होतं, उत्तर बरोबर.

"सर, हे तं तुमीच घरी येऊन शिकवलं मले."

"मी कुठी शिकवलं? तू शिकवलं." त्यांनी पत्रिका परत घेतली. "त्या वाक्याले मी ख लावत नसतो आता. लावू वाटत नाही."

चहा झाला. ताईने सांगितलं की मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला बसते आहे, शेवटचं वर्ष आहे, परीक्षा उन्हाळ्यात. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आम्ही निघालो तेव्हा फाटकापर्यंत आले. ताई पायात चप्पल अडकवत होती, तेव्हा सरांनी विचारलं. अगदी बाबांनी जेवताना विचारलं होतं तसंच, साधंच.

"होशील ना पार?"

ताईने मानसुद्धा वर केली नाही. पट्टा लावता लावताच म्हणाली, "ख, सर."

"चुकली तं मार्क कापीन."

"कापा ना."

आम्ही रस्त्याला लागलो. वळणावर मी मागे पाहिलं. सर फाटकाच्या खांबाला ती पत्रिका टेकवून उभे होते, वाकून, काहीतरी लिहीत होते. काय, ते इतक्या लांबून दिसत नव्हतं. पेनाचं टोपण मात्र दातांत होतं, म्हणजे लालच असणार.